असा मालक अस्तित्वात नाही

सकाळी सव्वानऊला शिवराजच्या पडद्यावर चौथ्यांदा तेच दोन शब्द आले. परमिशन डिनाइड. परवानगी नाकारली. कुणी नाकारली ते लिहिलेलं नव्हतं. माणूस नाही म्हणतो तेव्हा निदान त्याचं तोंड दिसतं, नजर कुठं वळते ते दिसतं, आवाजातली कुचेष्टा कळते. इथं नुसता काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि त्यांच्यामागं कुणीतरी. कुणीतरी होतंच. छावणीतल्या ह्या डायलिसिस सेंटरात तो सहा वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होता, आणि सहा वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की कळली होती की आपोआप काहीच होत नाही. पंखा बंद पडला तरी कुणीतरी बटण दाबलेलं असतं. परवा दुपारी लाइटीचा झटका बसून कॉम्प्युटरचं जुनं मशीन जळालं, तेसुद्धा त्याला पुरतं पटलेलं नव्हतं. काल पाळ्या नव्हत्या, त्यातच नवीन मशीन आलं. त्यानं स्वतःच्या वहीत बघून, एकेक पायरी बोटाखाली धरून ते उभं केलं, आणि आज सकाळी सातला येऊन बॅकअपच्या डिस्कवरची, सहा वर्षांतल्या दोनशे अकरा पेशंटांची माहिती त्यात उतरवली. उतरवताना पानभर इशारे सरसर वर सरकून गेले. ते कोण वाचतं? शेवटी काम संपल्याचं दिसलं, त्यानं चहा मागवला, आणि मग एका पेशंटच्या नावावर बोट दाबलं तर हे. माहिती आत होती. डिस्क तेवढीच भरलेली दिसत होती. घर भरलेलं, दाराला कुलूप नाही, आणि उंबऱ्यावर कुणीतरी हात आडवा लावून उभं.

समोर काचेच्या केबिनमध्ये हिमांशू बसला होता. तीन महिन्यांपूर्वी ट्रस्टनं त्याला व्यवस्था बघायला म्हणून आणलं. वय अठ्ठावीस. समर्थनगरात तीन पिढ्यांचं घर, आजोबा कचेरीत हेडक्लार्क, वडील बँकेत, आणि हा पुण्याहून शिकून आलेला. जन्मतःच परवानग्या खिशात घेऊन आलेला माणूस, असं शिवराजला त्याच्याकडं बघून वाटायचं. शिवराज स्वतः फर्दापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातला. घरी कोरडवाहू अकरा एकर, आणि त्या अकरा एकरांचा रुबाब गावाच्या वेशीपर्यंतच. हे डेटाबेसचं काम तो सिडकोतल्या एका सायबर कॅफेत लोकांचे फॉर्म भरता भरता शिकला. सर्टिफिकेट नाही. म्हणून ज्याच्याकडं सर्टिफिकेट आहे तो आपल्याच खुर्चीवर डोळा ठेवून आलाय, हे त्यानं पहिल्या दिवशी ओळखलं होतं. काल संध्याकाळी हिमांशू नव्या मशीनपुढं दहा मिनिटं बसला होता. अपडेट टाकतोय म्हणाला. दहा मिनिटं कसलं अपडेट? दहा मिनिटांत एखाद्याचा हक्क काढून घेता येतो, आणि वर हसून चहा घेणार का असंही विचारता येतं. तसं त्यानं विचारलंही होतं.

काच सरकली. "शिवराज, झालं का हो?"

"होतंय, सर."

"काही अडलंय का? बघू का मी?"

"नाय, नाय. डेटा मोठाय, टाइम लागतो."

काच बंद झाली. अडलंय का, म्हणाला. अडलंय हे ह्याला कुठून कळलं? पडदा तर भिंतीकडं तोंड करून आहे. शिवराजनं पडदा आणखी थोडा भिंतीकडं वळवला.

त्या वर्षी मे महिन्यात शहराला नवव्या दिवशी पाणी येत होतं. धरणात तळाचा गाळ दिसायला लागला होता, पुंडलिकनगरात सातशे फुटांवरची बोअर नुसती हवा फेकत होती, आणि तरी रोज कुठंतरी नव्या बिल्डिंगीचा बोर्ड लागत होता, बोर्डावर पोहण्याचा तलाव काढलेला. ह्या शहराला तहानेची लाज नव्हती. सेंटरात एका पेशंटचं रक्त धुवायला चार तासांत सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागायचं, आणि त्याच पेशंटला दिवसाला दोन फुलपात्र्यांच्या वर पाणी पिता यायचं नाही, कारण प्यालेलं अंगातच राहायचं. म्हणजे बाहेर हंडे घेऊन उभे असलेले लोक पाणी अंगणात यावं म्हणून रांगेत, आणि इथले लोक पाणी अंगातून जावं म्हणून रांगेत. आजचा टँकर पहाटे आला होता. टाकीत दोन पाळ्यांपुरतं पाणी, जास्त नाही. पहिली पाळी साडेनऊला लागली नाही तर दुसरी सेंटर बंद व्हायच्या आत संपणार नव्हती, आणि तिच्यातले आठ जण तसेच घरी जाणार होते, फुगलेल्या पायांनी.

कडुबा आला. डायलिसिसची मशीनं चालवणारा टेक्निशियन, बोलायला मऊ, हात मात्र सुतारासारखे. "शिवराजभाऊ, तीन नंबरवर आशामावशी बसवल्यात. वजन भरलंय साडेसत्तेचाळीस. ड्राय वेट सांगा की."

"अजून उघडंना."

"मंग मॅडमला लावा फोन."

"लावला. विमानात हायेत. बारापर्यंत बंद."

प्रमोदिनी मॅडम म्हणजे इथल्या डॉक्टर. नागपूरच्या कसल्याशा परिषदेहून परतत होत्या. आणि ड्राय वेट म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावर माणसाचं जे खरं वजन उरतं ते. आजच्या वजनातून ते वजा करायचं, येईल तेवढं पाणी ओढायचं. मशीन काही विचारत नाही. सांगाल तेवढं ओढतं. कमी सांगितलं तर पाणी छातीत चढतं, जास्त सांगितलं तर माणूस आतून आवळला जातो. हा आकडा पूर्वी कागदाच्या फायलीत असायचा. दिवाळीपासून सेंटर पेपरलेस झालं, फायली गेल्या. आता आकडा फक्त त्या पडद्यामागं, आणि पेशंटच्या हातातल्या पिवळ्या कार्डावर, जे महिन्यातून एकदा भरलं जायचं.

आशाबाई साठीची बाई. तिचं गाव शिवराजच्या गावापासून चार किलोमीटर, लांबचं नातंही निघायचं, म्हणून मावशी. पोरगा लेण्यांच्या फाट्यावर पर्यटकांच्या गाड्या लावून घ्यायचा. बुधवारी आणि शनिवारी पहाटेची एसटी धरून ती शंभर किलोमीटर यायची, आणि परतताना खिडकीला डोकं टेकून झोपायची. आज शनिवार होता.

"मावशी, ड्राय वेट किती तुमचं?" शिवराजनं तिच्या खुर्चीपाशी जाऊन विचारलं.

"शेहेचाळीस."

"कार्डावर तर चव्वेचाळीस हाय."

"आरं ते जुनं. बुधवारी मॅडमनी वाढवलं. म्हनल्या, आशाबाई, मूठभर मांस चढलंय की तुमच्या अंगावर. तवाच लिहिलं त्यांनी कांपुटरात."

"मी बुधवारी सुट्टीवर व्हतो," कडुबा म्हणाला.

शिवराज तिच्या तोंडाकडं बघत राहिला. ही माणसं खोटं बोलतात, हे त्याला माहीत होतं. चोरून पाणी पितात, वजन वाढतं, मग जास्त ओढलं की पाय वळतात म्हणून आकडा वाढवून सांगतात. गेल्या महिन्यात त्यानं तिला कूलरपाशी पाहिलं होतं, मागं-पुढं बघत ओंजळीनं पिताना. पेला न घेता. पेला घेतला तर कुणीतरी मोजेल, हे तिला ठाऊक होतं.

"मावशी, पाणी किती पेल्या? खरं सांगा."

"देवाशपथ, दोन फुलपात्री."

"मंग मागल्या महिन्यात कूलरपाशी वंजळीनं कोण पेत व्हतं?"

आशाबाईचं तोंड उतरलं. शेजारच्या खुर्चीवरचा म्हातारा फिस्सकन हसला. "त्या दिवशी यष्टी बंद पडली व्हती रं सिल्लोडापाशी," ती हळू म्हणाली. "तीन तास उन्हात उभी व्हते. आजचं आन त्या दिवसाचं एक का?"

"कडुबा, कार्डावर हाय तेच धर. चव्वेचाळीस."

"भाऊ, साडेतीन लिटर व्हतंय. लई व्हतंय."

"मी रोज बघतो स्क्रीनवर. चव्वेचाळीसच हाय. माझ्या डोक्यात हाय सगळं."

हे त्यानं एवढ्या जोरात म्हटलं की काचेपलीकडं ऐकू जावं. मशीन जळालं तरी माहिती ह्या माणसाच्या डोक्यात आहे, ह्याला काढून चालणार नाही, हे त्या केबिनला कळावं म्हणून. आकडा त्याला आठवत नव्हता. दोनशे अकरा माणसांचे आकडे कुणाला आठवतात? आशाबाईनं डोळे मिटले. "करा बाबा तुमच्या मनानं," म्हणाली. कडुबानं मशीनवर साडेतीन टाकले.

खुर्चीवर परत आल्यावर त्यानं वही उघडली. लाल पुठ्ठ्याची वही, सहा वर्षांची. जुनं मशीन उभं केलं तेव्हाच्या सगळ्या पायऱ्या तिच्यात होत्या: कुठला प्रोग्राम आधी, डेटाबेसला नाव काय, वापरकर्त्याला नाव काय, पासवर्ड काय. तो पुन्हा पहिल्यापासून ताडून बघायला लागला. वहीत जे नाव, तेच मशीनवर. वहीत जो पासवर्ड, तोच मशीनवर. कुठं काना-मात्रेचा फरक नाही. म्हणजे चूक त्याची नव्हती. म्हणजे ती दुसऱ्या कुणाची होती. हे सिद्ध झाल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं, पण त्यानं पहिलं पान पुन्हा उघडलं. वहीच्या पानांवर काळे डाग होते, मार्करचे, चौकोनी, मागच्या पानावर उतरलेले. एकोणीस डाग. ते त्यानंच केले होते, दोन महिन्यांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत डबा न खाता. शहराचं नाव बदलून वर्ष झालं होतं. लेटरहेड बदललं, गेटवरची पाटी बदलली, पावत्यांवरचे शिक्के बदलले, ते सगळं त्यानंच बदलून दिलं होतं आणि त्यात त्याला काही वाटलं नव्हतं. वही मात्र त्याची खाजगी होती; तिच्यात सहा वर्षांपूर्वीचं नाव इंग्रजी अक्षरांत ओळीओळीला होतं, कारण त्या वेळी शहराच्याच नावानं वापरकर्ता उभा करायचा हे त्याला सगळ्यात सोपं वाटलं होतं. एक दिवस वही टेबलावर उघडी राहिली. हिमांशू वाकला, पान बघितलं आणि हसून म्हणाला, "अरे, अजून हेच?"

अजून हेच. दोन शब्द आणि ते हसणं. शिवराजनं वही ओढून मिटली. हा ट्रस्टींच्या घरी जेवायला जातो. हा तिथं बोलेल. पुंडलिकनगरात, शिवराज भाड्यानं राहायचा त्या गल्लीच्या ग्रुपवर, एकानं टँकर कधी येणार ते विचारताना सवयीनं जुनं नाव लिहिलं होतं. टँकरचं राहिलं बाजूला, दोनशे मेसेज नावावर पडले, आणि शेवटी त्या माणसाला ग्रुपमधून काढलं. पाणी त्याला पण हवंच होतं. इकडं छावणीच्या बाजारात उलटी तऱ्हा. शिवराजच्या तोंडून नवं नाव निघालं की चहावाला चाचा गाळणी झटकत विचारायचा, "कायकू भाई, नवा नाम बोले तो चाय ज्यादा मीठी होती क्या?" आणि बाकावरचे सगळे हसायचे. त्या हसण्यात काय आहे ते शिवराज घरी जाईपर्यंत उकलत राहायचा. नावाचा अभिमान असणारे आणि नावाचं दुःख असणारे, दोघांकडंही काहीतरी होतं. त्याच्याकडं फक्त भीती होती. गेले कित्येक महिने त्यानं दोन्ही नावं तोंडातून काढणं सोडलं होतं. कुठं राहतोस? इथंच. कुठं नोकरी? इथं. घरी फोनवर बाप विचारायचा, तिथं पाऊस हाय का रं, तो म्हणायचा, इथं नाय. एखादा माणूस ज्या शहरात राहतो त्याचं नाव घ्यायला घाबरला की त्याला आपल्याच सावलीचा पत्ता सांगवत नाही. त्या दुपारी त्यानं मार्कर घेऊन एकोणीस ठिकाणी काळं केलं आणि वर एकोणीस वेळा नवं नाव लिहिलं, ठळक, कुणी बघितलं तर दिसावं असं. पुढं जळालं त्या मशीनवरच्या नावाला मात्र त्यानं तेव्हा हात लावला नव्हता. चालत्या मशीनला कोण हात लावतं? आणि काल, नवं मशीन उभं करताना, तो वहीवरून गेला.

हे त्याला त्या क्षणी दिसलं का? दिसलं नाही. डाग त्याच्या डोळ्यांपुढं होते आणि तो काचेकडं बघत होता. संशय आलेला माणूस फार बारकाईनं बघतो, फक्त भलतीकडं बघतो.

साडेदहाच्या सुमाराला तीन नंबरवरून ओरडणं आलं. "आई गं! पाय गं!" शिवराज पोचला तेव्हा आशाबाईची पिंढरी दगडासारखी झाली होती, पाऊल आत वळलं होतं, ओठ पांढरे. कडुबानं पाणी ओढणं थांबवलं, खुर्चीची पाठ सपाट केली, सलाईन सोडलं. "भाऊ, पाय धरा. बोटं वर ढकला. वर!" शिवराजनं पाऊल तळहातावर घेतलं आणि ढकललं. ते थंड होतं. "बीपी ऐंशीवर आलंय," कडुबा म्हणाला आणि मग पहिल्यांदाच त्याचा मऊ आवाज फाटला. "मला खरा आकडा पायजे. किती पाणी परत देऊ, का नको देऊ, सांगा! का तुमच्या डोक्यात हाय आजून?"

शिवराजनं पाय कडुबाच्या हातात दिला आणि तो केबिनपाशी गेला. आठ पावलं. त्याला वाटलं होतं तो जाऊन काच फोडेल, कॉलर धरेल, काय काढून घेतलंस ते दे म्हणेल. तो म्हणाला, "सर, अडलंय. सकाळपासून. बघता का?"

हिमांशू उठला तो थेट शिवराजच्या कॉम्प्युटरपुढं बसला. त्यानं बॅकअप पुन्हा उतरवायला लावला आणि इशारे सरकायला लागले तसे ते थांबवून पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. एवढंच. वाचायला लागला. "हे बघा," तो म्हणाला, आणि मोठ्यानं वाचलं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, "औरंगाबाद नावाचा मालक अस्तित्वात नाही."

शिवराजला वाटलं आता मशीनं थांबतील. आठही खुर्च्यांवरचे लोक माना वळवतील. कुणी वळवली नाही. एकजण खोकला.

"बॅकअपमध्ये सगळ्या टेबलांना मालक म्हणून हे नाव आहे," हिमांशू सांगत होता, "आणि ह्या मशीनवर त्या नावाचा वापरकर्ताच नाही. त्यामुळं माहिती उतरली, पण बेवारशी. प्रोग्राम दुसऱ्याच नावानं दार वाजवतोय, म्हणून परवानगी नाही. तुम्ही काल कुठलं नाव दिलंत?"

"वहीत होतं ते."

हिमांशूनं वही ओढली. काळ्या चौकोनांवरून बोट फिरवलं. "हे कुणी केलं?"

"मी."

"का?"

"तुम्हीच म्हणला व्हता ना. अजून हेच, म्हणून."

हिमांशूनं वर बघितलं. त्याला आठवायला वेळ लागला, आणि तो वेळ शिवराजला सहन झाला नाही. "अहो, मी पासवर्डला म्हणालो," हिमांशू म्हणाला. "सहा वर्षं एक-दोन-तीन-चारच ठेवलाय. तो बदला म्हणत होतो मी. नावाचं काय करायचंय मला?"

मग तो कीबोर्डकडं वळला. "नव्या नावालाही हक्क देता येतील, पण आत्ता जुन्यानंच उभं करू. लवकर होईल." आणि त्यानं ते नाव टाइप केलं, इंग्रजी दहा अक्षरं, भाजीच्या यादीत मीठ लिहावं तसं. शिवराज परत तीन नंबरवर गेला आणि त्यानं आशाबाईचा पाय पुन्हा हातात घेतला, कारण कडुबाला दुसऱ्या मशीननं हाक मारली होती. पिंढरी आता हळूहळू सैल होत होती. एका गाठीमागून दुसरी गाठ सुटावी तशी. तो तिच्या तोंडाकडं बघत नव्हता.

दहा-बारा मिनिटांनी हिमांशू आला, हातात घटना नोंदवायचा छापील फॉर्म. "मिळालं. शेहेचाळीस. बुधवारचीच नोंद आहे, मॅडमची." कडुबानं मान हलवली आणि मशीनवर आकडे बदलले. बीपी शंभरावर आलं होतं. "आता हे लिहावं लागेल," हिमांशू म्हणाला. "मॅडम उतरल्या की विचारतील. चव्वेचाळीस धरा, असं कुणी सांगितलं?"

कडुबा सलाईनच्या बाटलीकडं बघायला लागला. शिवराज कडुबाच्या ओठांकडं बघायला लागला. ते कधी उघडतात, कसे उघडतात.

"मीच म्हनले आसंन, बाबा," आशाबाई म्हणाली. "म्हाताऱ्या मानसाच्या काय ध्यानात ऱ्हातंय? लिहा माझंच."

हिमांशूनं पेन टेकवलं. शिवराजनं तेव्हा तिच्याकडं बघितलं. ती फॉर्मकडं बघत नव्हती, हिमांशूकडंही नव्हती. ती त्याच्याकडं बघत होती, डोळे बारीक करून, हा आता काय करील ते हेरत. बुधवारी तिला पुन्हा यायचं होतं. बुधवारी पुन्हा तिचा आकडा ह्याच माणसाच्या हाती असणार होता, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी, आणि असे जितके मिळतील तितक्या वारी. बुधवारी पडदा उघडलाच नाही तर? ह्याच्या मनात राग राहिला तर? तेवढं मोजून ती बोलली होती. सकाळपासून तो ज्याच्या त्याच्याकडं घाबरून बघत होता; आपणही कुणाच्या तरी भीतीच्या यादीत असू, हे त्याच्या मनात आलंच नव्हतं.

"नाय," शिवराज म्हणाला. "त्यांनी शेहेचाळीसच सांगितलं व्हतं. कडुबानं पण लई व्हतंय म्हणून सांगितलं. मी ऐकलं नाय. चव्वेचाळीस मी म्हणलो. माझं नाव लिहा. शिवराज."

हिमांशूनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि लिहिलं. पेनाचा आवाज झाला. आशाबाईच्या तोंडावर सुटल्यासारखं काही आलं नाही. ती तशीच बघत राहिली, आधीपेक्षा जास्त लक्ष देऊन, ह्यात ह्याला काय काढायचंय ते शोधत, आणि मग तिनं त्याच्या हातातलं आपलं पाऊल हळूच, त्याला कळू नये इतकं हळू, मागं ओढलं आणि चादरीखाली घेतलं.